कानाला कळतं पण हातातून निघत नाही: उद्यमनगरातल्या एका सतार विद्यार्थ्याचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थ्याचं आहे, त्यांना विचारूनच लिहितोय, फक्त नाव टाकू नका म्हणाले म्हणून इथं त्यांना मालक म्हणतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्यांच्या वर्कशॉपमधली पोरं त्यांना तशीच हाक मारतात. वय ४४. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कंपन्यांची जॉबवर्कची कामं, सकाळी शटर वर गेलं की रात्री आठ-साडेआठशिवाय खाली येत नाही. माझ्याकडं आले तेव्हा सतार शिकायला लागून दोन वर्षं होऊन गेली होती, प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम अशा दोन परीक्षा पास होते, आणि आले होते ते शिकायला नाही, सतार विकायची आहे कुणी गिऱ्हाईक असेल तर सांगा म्हणून.

मी म्हणलं विकायचं नंतर बघू, आधी वाजवा काहीतरी. त्यांनी यमनमधली मसीतखानी गत, म्हणजे सतारीवरची संथ लयीतली बंदिश, वाजवली, परीक्षेला बसवलेली. बाराव्या मात्रेपासून मुखडा, दिर दा दिर दा रा, समेवर दा, सगळं जिथल्या तिथं, तीनताल कुठं हलला नाही, बोल, म्हणजे उजव्या हाताचे आघात, स्वच्छ. आणि तरी ऐकवत नव्हतं, कारण एकही मींड, म्हणजे पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर) तार बाजूला ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पूर्ण होत नव्हती. रे च्या पडद्यावर तार ओढून ग काढायचा तर तार गंधाराच्या अलीकडंच अडायची, नाहीतर झटका बसून पलीकडं जायची. मी मात्र हातापेक्षा त्यांच्या तोंडाकडं जास्त बघत होतो. स्वर कमी पडला की तो विरायच्या आत कपाळाला आठी पडायची. दर वेळी. आणि बरोबर तिथंच, एकदाही चुकीच्या जागी नाही.

मग मी सतार खाली ठेवायला सांगितली आणि म्हणलं आता हीच गत गाऊन दाखवा. ते लाजले, गाणं कधी शिकलो नाही म्हणाले, मी म्हणलं शिकलेलं नकोच आहे, आ-कारात म्हणा नाहीतर नुसतं गुणगुणा. त्यांची सतार काळी एकला लावलेली, तोच त्यांच्या गळ्याचाही सोयीचा स्वर निघाला. गायले. आवाज साधा, दम कमी, पण गंधार असा लागला की मी माझ्या सतारीच्या तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या आपोआप घुमणाऱ्या तारा, वाजवून बघितल्या, सुतभर इकडं तिकडं नाही. तीव्र मध्यमावरून गंधारावर येताना जी मींड गत शिकवणाऱ्यानं बहुतेक वहीत एक कमान काढून दाखवली असणार, ती ह्यांच्या गळ्यातून आपोआप आली, न सांगता. म्हणजे माणसाला राग माहीत होता, मींड माहीत होती, स्वर माहीत होता. दोन वर्षांत कुणी त्यांना गायलाच लावलं नव्हतं.

प्रकरणाचा गाभा हाच आहे आणि मला जे सांगायचंय तेही इथंच आहे. चाळिशीनंतर सतार शिकायला येणाऱ्या माणसाचा कान तयार होऊन आलेला असतो, हात कोरा असतो. लहान पोराचं उलटं म्हणता येणार नाही पण वेगळं असतं, त्याचा कान आणि हात बरोबरीनं वाढतात, त्याला आपलं बेसूर वाजणं बेसूर वाटतच नाही बरीच वर्षं, म्हणून ते खुशाल वाजवत राहतं. मोठ्या माणसाला पहिल्या दिवसापासून आपलं वाजवणं ऐकू येतं. चाळीस वर्षं चांगलं ऐकलेल्या कानाला स्वतःच्या हातचा पहिला वर्षभराचा आवाज सहन करायचा असतो. बोटं वळत नाहीत, वय झालं, वेळ नाही, ही सगळी कारणं लोक सांगतात आणि त्यात तथ्य आहेच, पण सोडून जाणाऱ्यातले बरेचसे ह्या ऐकू येण्यामुळंच सोडून जातात असं माझं मत आहे. आणि उपाय पण त्या कानातच आहे, तो पहिल्या दिवसापासून कामाला लावायचा.

मालकांचा कान कुठून आला ते नंतर हळूहळू कळलं. वडील नोकरदार, पण गाण्याचं भलतं वेड, देवल क्लबच्या बैठकांना पोराला मांडीवर घेऊन जायचे. कोल्हापूरला हे असंच आहे की, इथं उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या काळात दरबार गायक होते, जयपूर-अत्रौली घराण्याची ख्यालगायकी इथं रुजली, गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा, पॅलेस थिएटर म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ ला उभं केलं आणि नाट्यसंगीतानं गावाचे कान घडवले. (ते नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं त्या रात्री मालक तिथं रस्त्यावर उभे होते, म्हणाले माझे वडील गेले तेव्हा एवढं रडलो नव्हतो.) हे सगळं सांगायचं कारण म्हणजे हे गाव गाणाऱ्यांचं आहे, इथल्या माणसाच्या कानात तंतवाद्य नंतर येतं, ख्याल आणि पदं आधी. अशा माणसाला बोल आणि पलटे (स्वरांचे सरावाचे क्रम) हातात देऊन सतार शिकवायला घेतली तर त्याच्याकडं असलेली सगळी शिल्लक बाजूला राहते. सतारीत तर गायकी अंगाची आख्खी परंपरा आहे, विलायत खाँसाहेबांच्या आईकडची माणसं गाणारी होती आणि त्यांचा बाज ऐकताना सतार गातेय असंच वाटतं. तेव्हा कोल्हापूरच्या प्रौढ विद्यार्थ्याला गळ्याकडून सतारीकडं न्यावं, मला तरी हाच सरळ रस्ता वाटतो.

मोठ्या वयात शिकणाऱ्यांना धीर द्यायला लोक एक उदाहरण हमखास देतात की पंडित रविशंकर सुद्धा उशिराच सतारीकडं वळले. खरं आहे, १९३८ साली ते नाच सोडून मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडं गेले, १८ वर्षांचे होते. पण तिथं ते वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राहून दिवसरात्र तेच करत होते. लेथवर उभं राहून घर चालवणाऱ्या माणसाला हे उदाहरण देऊन काही उपयोग नाही, उलट तो मनात म्हणतो मला तेवढा वेळ कुठाय. मालकांना मी असलं काही सांगितलं नाही. म्हणलं चार महिने सतार विकू नका, नंतर विकायची झाली तर मी स्वतः गिऱ्हाईक शोधतो.

पहिल्यांदा वाद्य तपासलं. ह्याबाबतीत मी हट्टी आहे, मोठा विद्यार्थी अडला की आधी वाद्य बघायचं, मग हात, मग डोकं. लहान पोराची सतार घरचे लोक शिक्षकाला विचारून घेतात, मोठा माणूस मात्र हौसेनं स्वतःच दुकानात जातो आणि नक्षी बघून घेऊन येतो. ह्यांची तार पडद्यांपासून चांगलीच उंच होती, आणि बाजाची तार, म्हणजे जिच्यावर मुख्य वाजवणं होतं ती, हाताला लागली तेव्हाच मला जाड वाटली. मालकांना म्हणलं ही मोजता येईल का. दुसऱ्या दिवशी खिशातून मायक्रोमीटर काढला, माझ्यासमोर मोजली, ०.३५ मिलिमीटर. बाजाला साधारण ०.३० ची म्हणजे तीन नंबरची तार लागते. कधीतरी तार तुटत होती म्हणून कुणीतरी ही मजबूत म्हणून जाड बसवून दिली होती आणि तीच तशी चालू होती. ताण तारेच्या व्यासाच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतो, एकाच स्वराला लावायची तर ०.३० च्या जागी ०.३५ म्हणजे जवळजवळ ३६ टक्के जास्त ताण, हा हिशोब त्यांनीच मोबाईलवर केला आणि आकडा बघून गप्प बसले. दोन वर्षं माणूस सव्वापटीहून जास्त कष्ट करून मींड ओढत होता आणि माझ्याच बोटात जोर नाही असं समजत होता. आधीच्या क्लासात दहा-बारा वर्षांची पोरं त्यांच्या शेजारी बसून छोट्या हलक्या सतारींवर मींडा काढायची आणि "काका, असं ओढा की" म्हणून दाखवायची. ते त्यांनी हसत सांगितलं पण लागलेलं होतं.

मग मिरज. कोल्हापुरात राहून सतार वाजवणाऱ्याचं हे भाग्य आहे की ५० किलोमीटरवर सतारमेकर गल्ली आहे, सकाळच्या पॅसेंजरनं रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत गेलं की दुपारपर्यंत काम उरकून परत. मिरजेची सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं, पण तिथलं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं, फरीदसाहेब सतारमेकरांपासून. ही घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी, हत्यारांचे दिवस गेल्यावर वाद्यांकडं वळलेली. मालकांना हे माहीत नव्हतं. शिकलगार शब्द ऐकल्यावर त्यांचा चेहराच बदलला, आत्तापर्यंत ते तिथं गिऱ्हाईक म्हणून अंग चोरून उभे होते, आता पुढं सरकून कारागिराच्या हाताकडं बघायला लागले.

कारागिरानं आधी जवारी बघितली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या ठोकळ्याचा, वरचा भाग सपाट दिसतो पण सपाट नसतो, त्याला अगदी नजरेला न दिसणारा उतार असतो आणि तार त्या उतारावर घासत-स्पर्शत कंप पावते, म्हणून सतारीचा तो झणझणीत लांबणारा आवाज येतो. वाजवून वाजवून तारेखाली खाचा पडतात, उतार बिघडतो, मग आवाज एकतर कर्कश होतो नाहीतर बसतो. हल्ली घोडीचा हा भाग उंटाच्या हाडाचा किंवा सिंथेटिकचा असतो, पूर्वी हरणाच्या शिंगाचा असायचा, आता त्याला बंदी आहे. कारागीर कानस फिरवतो, दोन हात मारतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, परत तार उतरवतो, परत घासतो. मोजमाप कसलंच नाही, सगळं कानावर. मालक तासभर हे खाली बसून बघत होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं की इथं किती मायक्रॉन काढला असेल, कारागीर म्हणाला ते नाही माहीत, आवाज उघडला की थांबायचं. परत येताना गाडीत मालक जवारीशिवाय दुसरं काही बोललेच नाहीत. त्यांची आम्ही गोल जवारी करून घेतली, ना फार खुली ना फार बंद, कारण फार खुल्या जवारीवर शिकणाऱ्याला स्वराचा मध्य सापडायला त्रास होतो असा माझा अनुभव आहे. घोडी थोडी उतरवून घेतली, बाजाला तीन नंबरची तार लावली, सरकलेले पडदे बांधून घेतले.

आता हात. आमच्यातली एक समजूत अशी की कष्टकरी माणसाच्या बोटांना घट्टे असतात, त्याला सतारीची तार टोचणार नाही. मालकांची बोटं बघा. डाव्या तर्जनीचं टोक जाड, राकट, पण कूलंट आणि साबणानं भेगाळलेलं, आणि त्या भेगेत तार अडकायची. मींड ओढताना बोट तारेबरोबर सरकायला पाहिजे ते मध्येच धरलं जायचं आणि तिथं स्वर तुटायचा. सतारीचा घट्टा वेगळा, बोटाच्या टोकाला तारेच्या रेषेत, गुळगुळीत, आणि तो फक्त वाजवूनच पडतो. त्यावर काम साधंच केलं, रात्री बोटांना खोबरेल, शॉपमध्ये डाव्या हाताला शक्य तेव्हा ग्लोव्ह (लेथ चालू असताना अर्थातच नाही, फिरत्या मशीनवर हातमोजा घालणं जिवावर बेतू शकतं हे त्यांनीच मला खडसावून सांगितलं, फक्त धुण्या-पुसण्याच्या वेळी), आणि वाजवायला बसताना शेजारी डबीत तेलात भिजवलेला कापूस, मधून मधून बोट टेकवायचं. बोटाचं टोक दुखलं तर घाबरायचं नाही, पण मनगट किंवा कोपराच्या खालचा भाग दुखायला लागला तर त्याच क्षणी थांबायचं, हा नियम मी मोठ्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगतो. ते कामाच्या हातानं जगतात, तो हात सतारीपायी जायबंदी करून चालणार नाही.

बैठकीची एक तपासणी आहे ती प्रत्येकानं घरी करून बघावी. सतार धरून बसा आणि डावा हात पूर्ण सोडा. सतार जागेवर राहिली पाहिजे. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग भोपळ्यावर टेकलेला असतो, त्याच्या वजनावर आणि पायाच्या आधारावर सगळं वाद्य उभं असतं. मालकांनी डावा हात सोडला आणि दांडी लगेच खाली आली. म्हणजे डावा हात दांडी पेलत पण होता आणि मींड पण ओढत होता. दिवसभर मशीनसमोर उभं राहिल्यानं गुडघे आखडलेले, मांडी नीट पडत नव्हती, त्यामुळं सतारीचा कोन बिघडलेला. कमरेखाली एक कडक उशी आणि भोपळ्याखाली रबरी चटईचा तुकडा, एवढ्यानं निम्मं काम झालं, निम्मं व्हायला काही महिने गेले.

नखीचं, म्हणजे तार छेडायला बोटात घालतात त्या तारेच्या टोपणाचं, त्यांनी स्वतःच बघितलं. बाजारातली एक घट्ट व्हायची, बोटाचं टोक बधिर पडायचं, दुसरी सैल, ती फिरायची. त्यांनी शॉपमध्ये स्प्रिंगच्या तारेपासून स्वतःच्या तर्जनीच्या मापाची वाकवली, टोक घासून पॉलिश केलं. बऱ्याच बिघडल्या आणि मग एक अशी जमली की आता माझे दोन विद्यार्थी त्यांच्याकडून बनवून घेतात.

रियाजाचं वेळापत्रक हा खरा अडचणीचा विषय. ते पूर्वी रात्री साडेदहाला बसायचे, दमलेले, तासभर, आणि रविवारी एकदम तीन तास. घरात वहिनी, कॉलेजला जाणारी मुलगी, वरच्या मजल्यावर भाऊबंद. मी ते बंद केलं. सकाळी शटर उघडायच्या आधी २५ मिनिटं, रात्री जेवणाआधी १५-२०, बस. रविवारी सुट्टी नाही पण वाढवायचं पण नाही. थोडं थोडं पण रोज आणि दोनदा वाजवलेलं हात लक्षात ठेवतो, एका दिवशी ढीगभर वाजवलेलं पुढच्या रविवारपर्यंत निम्मं गळून जातं, हे कुठल्याही हस्तकौशल्याला लागू आहे. मग त्यांची शंका, सकाळी यमन कसा वाजवायचा, तो तर रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. मी म्हणलं मैफिलीला वेळ पाळा, रियाजाला नको. यमन निवडायला कारणं होती, त्याला पडदे फारसे सरकवावे लागत नाहीत, आणि तो त्यांच्या कानात आधीपासून मुरलेला होता. भैरव घेतला असता तर रोज कोमल रे-धसाठी पडदे हलवण्यात आणि तरफा लावण्यात सकाळची निम्मी वेळ गेली असती.

शिकवायची पद्धत अशी ठेवली. वही बंद. मी एक तुकडा गाणार, समजा नि रे ग, मंद्र निषादावरून. त्यांनी तो गायचा. मग त्यातला ग त्याच्या स्वतःच्या पडद्यावर वाजवून ऐकायचा, परत गायचा, गळ्यात धरून ठेवायचा, आणि मग रे च्या पडद्यावर तार छेडून गळ्यातल्या गंधाराला मिळेपर्यंत ओढायची. मिळाला की तिथं थांबायचं, घाईनं सोडायची नाही. सुरुवातीला तोंडानं मोठ्यानं गात, मग हळू, मग मनात. अनुलोम मींड, म्हणजे छेडून मग ओढायची, ही जरा जमल्यावर विलोम, म्हणजे आधी ओढून ठेवायची, मग छेडायची आणि सोडत खाली यायचं. विलोम अवघड, कारण आवाज न करताच तार नेमकी किती ओढली हे हाताला माहीत पाहिजे, तिथं कान मदतीला उशिरा येतो. मालकांना मात्र ती लवकर आली. त्यांचं म्हणणं, टूल जॉबला लावायच्या आधी डायल किती फिरवायचा हे हाताला कळलेलंच असतं की सर, रोज तेच करतो.

पहिले अडीच-तीन महिने काहीही दिसलं नाही हे स्पष्ट लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मिरजेहून आलो आणि सतार गायला लागली. तार हलकी झाल्यामुळं उलट मींड पुढं जायला लागली, जोराची सवय मोडायची होती. एप्रिलमध्ये ते एकदा म्हणाले, "सर, आधी पोचत नव्हतो, आता थांबता येईना झालंय." मला ते ऐकून बरं वाटलं कारण पोचतोय पण थांबत नाही ही पुढची पायरी आहे. मग जूनमध्ये पाऊस. कोल्हापूरचा पाऊस आणि सतार ह्यांचं जमत नाही, लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट बसतात, तारा गंजतात, रात्री लावलेलं वाद्य सकाळी उतरलेलं. मालकांनी काळजीनं जॉबला लावतात ते गंजरोधक तेल तारांना लावलं आणि तरफांचा आवाज मेला, सगळ्या बदलाव्या लागल्या. सतारीच्या तारा वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानं पुसायच्या, एवढंच पुरतं. त्या पावसाचा एक फायदा झाला, रोज वाद्य परत लावावं लागल्यामुळं त्यांनी मोबाईलचं ट्यूनर सोडलं. आधी तरफा सुद्धा ॲपवर बघून लावायचे. मी जोड तारेचा (बाजाच्या शेजारची, सा ला लावलेली तार) सा तेवढा दिला आणि बाकी सगळं ऐकून लावा म्हणलं, सुरुवातीला अर्धा तास जायचा आणि चिडचिड व्हायची, ऑगस्टपर्यंत दहा-बारा मिनिटांत व्हायला लागलं. गंधाराची तरफ बरोबर लागली असेल तर ग ची मींड पोचल्यावर ती आपोआप बोलते, ती बोलली की समजायचं पोचलो. हे त्यांना मी शब्दांत सांगितलं नव्हतं, त्यांनी येऊन मला सांगितलं.

त्याच सुमारास बदल दिसायला लागला आणि तो कपाळावर आधी दिसला. आठी पडायची थांबली नाही, पण आठी पडल्यावर हात तिथंच तार सावरून घ्यायला लागला. चूक ऐकली आणि त्याच श्वासात दुरुस्त केली.

खंडेनवमीला शॉपमध्ये मशीनची पूजा असते, लेथला झेंडूच्या माळा, पेढे, पोरांना बोनस. ह्या वर्षी मालकांनी सतार पण तिथं नेली, पूजेत ठेवली, आणि पूजा झाल्यावर संध्याकाळी सगळ्यांसमोर यमन वाजवला. मी मागं एका स्टुलावर बसलो होतो. दहा-बारा मिनिटांचा आलाप, मग तीच जुनी मसीतखानी गत, दोन साधे तोडे. चिकारी, म्हणजे कडेची लयीसाठी छेडायची तार, मध्येच जोरात लागायची, एका तोड्याला सम चुकली आणि परत पकडली, झाला, म्हणजे शेवटचा जलद भाग, वाजवलाच नाही, मीच नको म्हणलं होतं. पण मींडा पूर्ण होत्या. मिलिंगवरचा एक पोरगा शेजारच्याला हळूच म्हणाला, मालक गाणं वाजवायलेत की रे. वहिनी मला नंतर म्हणाल्या, आधी ह्यांची सतार सुरू झाली की मी टीव्हीचा आवाज वाढवायची, आता बंद करते.

ह्या पद्धतीवर माझ्या ओळखीच्या एका बुजुर्ग सतारवादकांचा आक्षेप आहे आणि तो मला बिनबुडाचा वाटत नाही. ते म्हणतात गाऊन वाजवायला लावलं की विद्यार्थी लयीला आणि उजव्या हाताला कच्चा राहतो, सतार हे आघाताचं वाद्य आहे, आधी वर्षभर नुसते दा रा आणि दिर दिर घोटून घ्यावेत, मींड नंतर. लहान विद्यार्थ्याच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे. मालकांचा उजवा हात आधीच्या क्लासनं तयार करून दिला होता हेही खरं, ते श्रेय त्या क्लासला आहे आणि परीक्षांनाही आहे, परीक्षा नसती तर ते तीनतालाचे एवढे पक्के झाले नसते. पण ज्या मोठ्या माणसाला स्वतःचं बेसूरपण रोज ऐकू येतंय त्याला वर्षभर नुसते बोल घोटायला लावलं तर तो वर्ष काढतच नाही. माझ्याकडून गेलेल्या आणि इतरांकडून आलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांत मी हे परत परत बघितलंय. त्यामुळं मी पहिल्या महिन्यापासून दोन्ही बरोबर ठेवतो, निम्मा वेळ उजवा हात मेट्रोनोमवर, निम्मा वेळ गळा आणि मींड.

सध्याची स्थिती अशी आहे. विलंबित चांगलं चाललंय. रझाखानीत, म्हणजे जलद लयीच्या गतीत, वेग वाढला की दिर दिर अडखळतो, नखीचा आघात बाहेर जाताना हलका पडतो, म्हणजे रा कमजोर आहे, त्यावर रोज पाच मिनिटं नुसता रा रा रा रा चालू आहे. पाच स्वरांची मींड अजून हातात नाही, तीन स्वरांपर्यंत भरवसा आहे. जानेवारीपासून बागेश्री घ्यायचा विचार आहे, त्यांच्या वडिलांचा आवडता राग होता, गंधार-निषाद कोमल असल्यामुळं मींडेची मापं बदलतील आणि यमनची सवय मोडेल, मला ते हवंच आहे. प्रवेशिका पूर्णची परीक्षा द्यायची का असं त्यांनी विचारलंय. मी म्हणलं द्या, फॉर्म भरा, पण त्यात विचारलेले राग सगळे आधी गाऊन बसवायचे, मग सतारीवर. फॉर्म भरलाय. सतारीला गिऱ्हाईक मी अजून शोधलेलं नाही, त्यांनीही परत विचारलं नाही, उलट दिवाळीत मिरजेला जाऊन जवारी परत दाखवून आणली, आणि ह्या वेळी एकटेच गेले.